नवतप्यातली अनवाणी कचेरी

सुरुवातीलाच कबूल करून टाकते, नाहीतर घरातलं दुसरं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल. विसाव्या वर्षी, बी.ए.ला तर्कशास्त्र घेऊन स्वतःला फार शहाणी समजत असताना, मी विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीबाहेर चपला काढल्या आणि अनवाणी आत गेले. विहारात शिरावं तशी. हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते. बरं, मी एकटीच मूर्ख ठरले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण माझ्या मागून एक बाई पायऱ्या चढत आली आणि तिनं विचारलं, "काहून वं, इथं चपला काढाव लागते का?" मला काय ठाऊक? मी स्वतः त्या इमारतीची पायरी पहिल्यांदा चढत होते. पण "मला माहीत नाही" असं म्हणायची सवय तेव्हा जिभेला नव्हती. मी मागे वळले, वेणी पुढे घेतली आणि माझा सारा जन्म त्याच कचेरीत गेल्यासारखं तिला सांगितलं, "हाव, काढाव लागते."

त्या तीन शब्दांनी पुढच्या चार तासांत काय केलं, ते सांगते.

हे आता आठवायचं कारण म्हणजे नवतपा लागला आहे. मे महिना संपता संपताचे ते नऊ दिवस आमच्या नागपुरात कॅलेंडरवर पाहावे लागत नाहीत. सकाळी आठलाच कावळे चोच उघडी टाकून कुलरच्या टपकत्या पाण्याखाली येऊन बसले की समजायचं, लागला. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं. अकरानंतर गल्लीत चिटपाखरू नसतं, आणि असलंच तर ते डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळलेलं, फक्त डोळे दिसणारं. ते दरोडेखोर आहे की शेजारची कॉलेजातली पोरगी, हे ते बोलल्याशिवाय कळत नाही. आणि माझ्या पिढीला नवतपा म्हटलं की उन्हाबरोबर आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे निकाल. आता निकाल मोबाइलवर येतो. पोरं पलंगावर लोळत, आंब्याची कोय चोखत चोखत पास होतात. तेव्हा निकालाच्या मागे पायी जावं लागे.

यंदाच्या नवतप्यात मला त्या इमारतीकडे घेऊन गेली माझी नात, बोधी. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला एक जुनी इमारत इंच न् इंच मोजून कागदावर उतरवायची होती. तिच्या मैत्रिणी सुट्टीत आपापल्या गावी पळाल्या होत्या आणि टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. घरात रिकामटेकडी मी एकटीच. परवानगीचं पत्र, पाण्याच्या दोन बाटल्या, पर्समध्ये एक कांदा (ऊन लागू नये म्हणून, बोधी हसते, पण कांदा राहतो) असं सगळं घेऊन आम्ही सकाळी सातला तिथे हजर.

इमारत होती तशीच आहे. म्हणजे रंग नवा आहे, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे बसलेत, एका बाजूनं चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलाय. पण रुंद पायऱ्या त्याच, दोन मजले उंचीचे गोल खांब तेच, आणि त्या खांबांनी डोक्यावर धरलेलं ते मोठं त्रिकोणी कपाळही तेच. कबुतरांची तर मला वाटतं कितवी तरी पिढी असेल, पण त्यांचा तोरा जुन्या बाबूंचाच. कामाचं काही नाही आणि सारखं गुरगुरणं.

"आजी, हलू नको ना. टेप सैल होऊन राहिली."

"मी नाही हलत. तुझा खांबच हलतो."

"खांब नाही हलत. तो मध्ये थोडा फुगीर आहे, मुद्दाम. सरळसोट केला असता तर लांबून मध्येच बारीक दिसला असता."

"म्हणजे मध्ये थोडं सुटलेलं असलं की शोभून दिसतं? हे कुठे लिहिलेलं असलं तर तुझ्या आजोबांना दाखव. बिचारे उगीच रोज फिरायला जातात."

बोधीनं टेप गुंडाळली, वहीत आकडा लिहिला आणि मला शिकवायला घेतलं. पोरगी शिकवायला लागली की अगदी माझ्यासारखी दिसते, म्हणजे असह्य. म्हणाली, "या पद्धतीला निओक्लासिकल म्हणतात. गोऱ्यांनी जुन्या ग्रीक देवळांवरून उचललेलं. हे उंच जोतं, हे खांब, हे वरचं त्रिकोणी, सगळं देवळाचंच."

"कशाचं?"

"देवळाचं."

"पुन्हा एकदा सांग."

"अगं आजी, देवळाचं. टेम्पल."

मी टेपचं टोक सोडून दिलं आणि पायरीवर बसले. इतकी वर्षं जी मूर्खपणाची गोष्ट मी पोटात ठेवून होते, ती मूर्खपणाची नव्हतीच मुळी. इमारतीनं मला जे सांगितलं ते मी ऐकलं, इतकंच. ज्यानं कुणी ती बांधली, त्याला हवं होतं तसंच मी वागले. फक्त त्याला वाटलं असेल त्यापेक्षा थोडं जास्तच मनापासून.

आम्ही तेव्हा कोराडीला राहायचो, वीज केंद्राच्या कॉलनीत. बाबा कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. पट्ट्यावरून कोळसा पुढे सरकत राहायचा आणि त्यात आलेले दगड वेचून बाजूला काढायचे. कॉलनीत पांढरं असं काही पांढरं राहत नसे. माय दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकायची, मग वास घ्यायची, मग पुन्हा झटकायची. गच्चीवर घातलेल्या पापडांना राखेचा एक बारीक थर यायचा आणि आम्ही तो फुंकून पापड खायचो. मी मोठी झाल्यावर लोकांकडचे पापड खाल्ले तेव्हा त्यात काहीतरी कमी आहे असं मला वाटायचं.

बी.ए.चा निकाल लागला आणि माझ्या नंबरापुढे पास नाही, नापास नाही, 'राखीव' असं आलं. कॉलेजात चौकशी केली तर कळलं, एका उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक वाचता येत नाही. मला लगेच आठवलं. एप्रिलची दुपार, पत्र्याच्या छपराचा हॉल, पंखा फिरतोय की लाजतोय ते कळत नाही, आणि मी दौतीच्या शाईनं मोठ्या ऐटीत नंबर लिहून त्यावर घामेजलं मनगट टेकून बसले होते. पेपर कोणता, तर तर्कशास्त्राचा.

एरवी आठ दिवसांनी गेलं असतं तरी चाललं असतं. पण बी.एड.च्या प्रवेशाची यादी दुसऱ्या दिवशी लागणार होती. पास झाल्याचा कागद त्या दिवशी दोन वाजेपर्यंत त्याच इमारतीतल्या प्रवेशाच्या खिडकीवर दाखवला तरच माझं नाव त्या यादीत, नाहीतर एक वर्ष घरी. आणि आमच्या घरी एक वर्ष म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मागे दोन भावंडं शिकायची होती. वर्षभर घरी बसलेल्या मुलीला पुन्हा शिकायला पाठवा म्हणून बाबांना किती लोकांशी भांडावं लागलं असतं. ते भांडलेही असते. पण त्यांनी पाळीवरच्या सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं, "माही कुसुम मास्तरीण होऊन राहिली." होणार नाही, होऊन राहिली. जणू मी रोज थोडी थोडी होतच होते. बाबांची पहिली पाळी होती, त्यांना येता आलं नाही. मी एकटीच सकाळच्या बसनं निघाले. पायात नवीन चपला होत्या, इतवारीच्या बाजारातून बाबांनी स्वतः निवडून आणलेल्या, तपकिरी पट्ट्याच्या. टाचेला नवं चामडं चावत होतं, पण मी लंगडायची नाही असं ठरवलं होतं.

त्या इमारतीसमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा काय झालं ते नीट सांगता येणार नाही. आमच्याकडे उंच म्हणजे वीज केंद्राचं धुराडं. ते उंच होतं, पण ते आपल्याकडे बघत नव्हतं. ही इमारत बघत होती. पायऱ्या अशा रुंद आणि उथळ की घाईनं चढताच येऊ नये. प्रत्येक पायरीवर पाय ठेवताना माणसाला वाटावं, आपण कोण, कुठले, इथे कशाला आलो? पाचव्या-सहाव्या पायरीपर्यंत मी बी.ए. होते. वर पोचेपर्यंत पुन्हा चौथीत गेले.

आणि वर, पहिल्या खांबाच्या बुडाशी, सावलीत, पुरुषी वहाणांचा एक जोड ठेवलेला. ओळीत, टाचा भिंतीकडे, अगदी व्यवस्थित.

आता माझं तर्कशास्त्र बघा. धूर दिसतो, म्हणजे अग्नी आहे. वहाणा दिसतात, म्हणजे त्या काढायच्या असतात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, सगळं एका क्षणात जुळलं. मी माझा तपकिरी जोड त्या वहाणांशेजारी तसाच ओळीत ठेवला. टाचही मोकळी झाली, खोटं कशाला बोलू. मग ती बाई आली, तिनं विचारलं, मी सांगितलं. तिच्या मागच्यानं तिचं बघून काढल्या. त्याच्या मागच्यानं त्याचं बघून.

आत गेल्यावर पायाखाली दगडी फरशी गार लागली. तो गारवा मला अजून तळपायात आठवतो. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, त्यांच्यावर कुणीतरी पाणी मारलेलं, आणि तो ओला सुगंध जुन्या कागदांच्या वासात मिसळलेला. छतापासून लांबच लांब दांड्यांवर लोंबणारे पंखे कर्रकर्र फिरत होते. टेबलांवरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड, कुलूप, शाईची बाटली, जे हाताला लागेल ते ठेवलेलं. मला वाटलं, बरोबरच आहे. एवढ्या गार, एवढ्या स्वच्छ जागी चपला कशाला हव्यात. मी रांगेत उभी राहिले आणि माझ्यामागे अनवाणी माणसं वाढत गेली.

रांग कसली, यात्राच होती ती. काटोलचे, उमरेडचे, सावनेरचे लोक. कुणाचं नाव चुकलेलं, कुणाचा जन्ममहिना, एकाला तर कागदावर बाई केलेलं. तो सगळ्यांना तो कागद दाखवत होता आणि म्हणत होता, "मले काही नाई, पण बायकोले काय सांगू?" माझ्या मागच्या त्या बाईनं, तिचं नाव विमलताई, डबा उघडून मला अर्धी पोळी दिली. मुलाच्या कागदासाठी आली होती. म्हणाली, "हापिस चांगलं आहे बाप्पा. साफसफाईले मानते." मी मान डोलावली.

साडेबाराच्या सुमाराला खिडकीतल्या बाबूंनी माझे कागद घेतले. मला कोऱ्या कागदावर माझा नंबर तीनदा लिहायला लावला, उत्तरपत्रिकेवरच्या पुसट आकड्यांशेजारी धरून बघितला. चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "तुझाच आहे. सात तुझ्यासारखा कोणी काढत नाही." फक्त मोठ्या साहेबांची सही हवी होती. साहेब मागच्या दारानं जेवायला घरी गेले होते, दीडला येणार होते. बाबूही मग त्याच दारानं चहाला गेले.

नंतर जे घडलं त्यातलं थोडं मी पाहिलं आणि बाकीचं दौलतरावांकडून ऐकलं. दौलतराव म्हणजे तिथले म्हातारे चपराशी. डोक्यावर फेटा, छातीवरून आडवा पितळी बिल्ल्याचा पट्टा.

चहा पिऊन बाबू पुढच्या दारानं परत आले तेव्हा खांबांच्या बुडाशी चाळीस-पन्नास जोड लागलेले होते. बाबूंना वाटलं, आत काहीतरी आहे. पूजा असेल, कुणाचा सत्कार असेल, शोकसभाही असेल. नेमकं काय, ते विचारावं तर आपल्याच कचेरीत काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नाही असं व्हायचं. त्यांनी मुकाट्यानं बूट काढले. त्यांचं बघून दुसऱ्या बाबूंनी. आणि पावणेदोनला पोर्चमध्ये साहेबांची गाडी लागली. साहेबांनी पाहिलं, लोकांच्या चपला, वर आपल्या माणसांचे ओळखीचे बूट. तेही क्षणभर थांबले. दौलतराव सांगत होते, "सायबानं इकडं पायलं, तिकडं पायलं, अन् खांबाले हात टेकून फीत सोडाले लागले." विचारलं त्यांनीही नाही. जितका माणूस मोठा तितका त्याला प्रश्न विचारणं जड जातं, हे मला पुढे शाळेत मुख्याध्यापकांच्या हाताखाली काढलेल्या वर्षांनी नीट पटवून दिलं.

साहेब मोज्यांवर आत आले. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि तो अंगठा, साहेबांच्या इतर सगळ्या रुबाबाशी काही संबंध नसल्यासारखा, बाहेर डोकावून जग बघत होता. सगळे बाबू उभे राहिले.

"कार्यक्रम कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"कोणता कार्यक्रम, साहेब?" बाबू म्हणाले.

"मग तुम्ही अनवाणी का?"

"बाहेर सगळ्यांच्या काढलेल्या होत्या, म्हणून."

"सगळ्यांनी का काढल्या?"

बाबूंनी रांगेकडे बघितलं. रांगेनं मागे बघितलं. मागचे त्याच्या मागच्याकडे बघू लागले. असं करत करत ते बघणं दारापर्यंत गेलं आणि तिथे दौलतराव उभे होते. अनवाणी.

पहिला जोड दौलतरावांचा होता, हे कुणीतरी सांगितलंच. साहेबांचा चेहरा बदलला. आपण उघडे पडलो हे त्यांना कळलं होतं, आणि ते कुणावर तरी काढायला हवं होतं. "दौलतराव, कचेरीचं देऊळ करायचं कुणी सांगितलं तुम्हाला? लोकांना चपला काढायला लावता? लेखी खुलासा द्या मला."

दौलतराव म्हणाले, "सायब, माह्या पायाले भोवरी आहे. रोज सकाळी काढून ठेवतो मी. मी कोणाले काही बोललो नाई."

"तुम्ही बोलला नाहीत, मग पन्नास माणसांना स्वप्न पडलं?"

घड्याळात दोनला दहा मिनिटं होती. माझा कागद बाबूंच्या टेबलावर, सहीच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर, त्यावर दगड ठेवलेला. एक सही. मी गप्प राहिले असते तर साहेब तावातावानं आत गेले असते, गठ्ठ्यातलं पहिलं काम हातावेगळं केलं असतं आणि मी दोनच्या आत प्रवेशाच्या खिडकीवर पोचले असते. विमलताई माझ्याकडे बघत होती. चपला काढायला सांगितलं कुणी, हे फक्त ती आणि मी जाणत होतो. आणि दौलतरावांनी आपला भोवरीवाला पाय दुसऱ्या पायामागे लपवला होता, लहान मुलं लपवतात तसा.

मी फार धीराची होते असं समजू नका. तोंडातून आवाज आला तो माझा नव्हता, कुठल्या तरी शेळीचा होता. "साहेब, मी सांगितलं. मी काढल्या आणि बाकीच्यांना पण काढायला सांगितलं."

"तुम्ही कोण?"

"राखीव निकाल, साहेब."

कुणीतरी मागे हसलं. साहेब म्हणाले, "का काढल्या?"

"दौलतरावांच्या दिसल्या म्हणून. मला वाटलं, जिथे धूर तिथे अग्नी."

साहेबांनी दगड बाजूला केला, माझा कागद उचलला आणि बराच वेळ वाचला. पंखा कर्रकर्र करत राहिला. मग विचारलं, "राखून ठेवलेला पेपर कोणता?"

"तर्कशास्त्र."

"बासष्ट मार्क आहेत तुम्हाला."

"हो साहेब."

"परीक्षक दयाळू होता," साहेब म्हणाले आणि सही केली.

त्यानंतर हशा असा उसळला की कबुतरं उडाली. साहेबही हसले, जरासे. दौलतरावांच्या खुलाशाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. साहेबांनी फक्त तो अंगठा मोज्यात आत ओढून घेतला आणि खोलीत गेले. मी धावत जाऊन प्रवेशाच्या खिडकीवर कागद दाखवला, दोन वाजायच्या आत.

बोधी हे ऐकता ऐकता पायरीवर आडवी झाली होती. पायात बूट, बूट त्या खांबाला टेकवलेले, पोटावर वही. मला त्या बुटांकडे बघून बरं वाटलं. ती या खांबाचा घेर मोजते, त्याच्या भेगांचे फोटो काढते, त्याला टेकून चिवडा खाते. तिच्यासाठी तो एक खांब आहे, मध्ये किंचित फुगीर. मला तो खांब एवढासा व्हायला तीस-पस्तीस वर्षं मास्तरकी करावी लागली. या इमारतीत नंतर मी किती वेळा आले, पेपर तपासायला, बैठकांना, एकदा तर कुठल्याशा समितीवर. पण दर वेळी शेवटच्या पायरीवर माझी टाच नकळत थोडी उचलली जायची. नवं चामडं चावावं तशी.

"मग चपला सापडल्या का?" बोधीनं विचारलं.

सापडल्या. पण ऊन सरकून त्यांच्यावर आलं होतं आणि नवतप्याचं ऊन म्हणजे चामड्याचा तवा. पन्नास माणसं पायऱ्यांवर नाचत आपापले जोड शोधत होती, या पायावरून त्या पायावर, जणू लग्नाची वरात. साहेबांचे बूट कुणाच्या तरी पायात चढता चढता वाचले. मी उभी राहिले तशीच. दौलतराव माठातून तांब्याभर पाणी घेऊन आले, माझ्या चपलांवर ओतलं, चर्र आवाज आला. "घाल," म्हणाले. "भैताड पोट्टी. जाय आता, बस निघून जाईन."

बसमध्ये खिडकीशी बसून मी सारखा पर्समधला कागद चाचपत होते. कोराडी रोडची झाडं, मग उघडं माळरान, मग लांबून धुराडं. मला वाटत होतं, केव्हा घरी जाते आणि केव्हा सांगते. अशी गमतीची गोष्ट आमच्या घरात कधी घडली नव्हती.

बाबा पाळीवरून येऊन, आंघोळ करून ओसरीत बसले होते. नखांतला कोळसा काडीनं काढत. मी कागद दिला. त्यांनी हात पुन्हा धुतले, पुसले आणि मग तो घेतला. बोट ठेवून सगळा वाचला, खालचा शिक्कासुद्धा. माझं नाव दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं आणि नाक ओढलं. माय आतून म्हणाली, "रडून राह्यले का जी?" बाबा म्हणाले, "राख गेली डोयात."

मग मी गोष्ट सांगायला घेतली. हातवारे करून, साहेबांची चाल करून. पायऱ्या सांगितल्या, खांब सांगितले, चपला काढल्या ते सांगितलं, आणि बाबांचा चेहरा पाहून थांबले.

"कोणी काढाले सांगतल्या?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली.

"कोणीच नाही. माझ्याच मनानं."

मायनं आतून मला डोळ्यांनी खुणावलं, पुरे कर. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. माझे आजोबा गावातल्या मोठ्या घरांवरून जाताना वहाणा पायात ठेवू शकत नसत. हातात घ्यायच्या, वळण आलं की मग घालायच्या. बाबा लहानपणी त्यांच्या मागून चालायचे. छप्पनच्या ऑक्टोबरात आमची माणसं पांढरे कपडे घालून दीक्षेला नागपूरला आली आणि त्यानंतर आजोबांनी ते बंद केलं. हे मला माहीत होतं. कितीदा ऐकलं होतं. पण कानानं ऐकलेलं पायापर्यंत पोचलं नव्हतं. बाबांनी स्वतः निवडून आणलेल्या चपला मी एका दारापुढे, कुणी न सांगता, काढून ठेवल्या होत्या, आणि ते त्यांना हसत हसत सांगत होते. असं वाटलं, त्या कागदाचा बोळा करावा आणि कुठेतरी जाऊन बसावं.

बाबा काडी फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मंग? बाकीच्यायनं बी काढल्या?"

"हाव."

"साऱ्यायनं?"

"हाव. पन्नास तरी असतील."

"बाबू लोकायनं बी?"

"त्यांनी पण."

"अन् मोठा सायब?"

"त्यांनी बूट काढले, बाबा. मोज्यांवर आले. एका मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं सगळं. मग पाहिलं तर त्यांचे खांदे हलत होते. हळूहळू हलले, मग जोरात, मग त्यांनी भिंतीला डोकं टेकवलं आणि ते हसले. पाणी आलं डोळ्यांतून. त्यांना तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही. माय पदर तोंडाला लावून दारात उभी. कितीतरी वेळानं त्यांनी डोळे पुसले, कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाले:

"माह्या बापाले वहाणा हातात घ्याले लावाले सारं गाव लागलं. अन् तू एकटी पोरगी, अख्खं हापिस अनवाणी करून आली. पण पुढच्या बारीले तू घालूनच आत जाय वं. त्यायले काढाच्या असन तं काढू दे."